ऐनवेळचे विषय

नमस्कार, गाव सोडून इथे राहणाऱ्या मंडळी.

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'आजचं राजकारण' असं छापलंय. मुंबई-दिल्लीचं राजकारण तुम्ही रोज मोबाईलवर पाहताच. मी बोलणार आहे ते एका रजिस्टरबद्दल. यवतमाळ, वर्धा, अकोला, गडचिरोली, कुठल्याही जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत कपाटात पडलेलं ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायची वही.

1960 साली पुसदच्या वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवर 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. त्यामुळे पंचायत राजशी आपलं नातं जुनं आहे. पण ग्रामसभा, म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा, ती मात्र आजही बहुतेक ठिकाणी कागदावर उरकते.

कायद्याने वर्षाला किमान चार सभा लागतात. नोटीस सात दिवस आधी. कोरम, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. चारशे मतदारांच्या गावाला साठ माणसं पुरतात, नऊशेच्या गावाला शंभर. तरी जमत नाहीत. का, ते कळायला ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा पाहा. 26 जानेवारीला कापसाची वेचणी चालू. 1 मेला पारा पंचेचाळीसकडे, वर लग्नसराई, आणि गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर. 15 ऑगस्टला निंदण, डवरणी. 2 ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी. झेंडावंदन झालं की माणूस शेतात पळतो, त्याला आळशी म्हणण्यात काही अर्थ नाही. सभा संध्याकाळी सातला घेतली, तर निदान मजूर बायामाणसं येऊ शकतात. सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तीही बहुधा बचत गटाच्या मिटिंगमध्येच 'झाली' असं लिहिलं जातं.

कोरम भरला नाही की सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे ज्याला ठाऊक असतं त्याला गर्दीची गरजच उरत नाही.

आता ते रजिस्टर उघडा. वर तारीख, वेळ, अध्यक्ष. मग विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर'. सह्या पाहिल्या की लक्षात येतं, काही ठिकाणी त्या आधी घेतल्या आहेत आणि ठराव मागून लिहिला आहे. दोन ठरावांमध्ये चार बोटं कोरी जागा सोडलेली असेल, तर सावध व्हा. आणि अजेंड्यावरचा शेवटचा विषय वाचा: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. गायरान जागा कुणाला, मोबाईल टॉवरला ना-हरकत, तलावाचा ठेका. गावाला जे आधी कळायला हवं होतं, ते नेमकं या खिडकीतून आत येतं.

हे बदलता येतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतो. विषयावर आधी अभ्यासगट बसतो, मग सभा. 2009 साली वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक पास मिळेना. बांबू गवत की झाड, यावर घोडं अडलं होतं. वास्तविक 2006 च्या त्या कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे ज्यावर गावाचा हक्क असतो असं जंगलातलं उत्पादन, म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ठराव नीट लिहिलेले होते म्हणून गावाला इतकी वर्षं टिकून भांडता आलं.

तुम्ही इथून काय करणार? ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडा. आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. 2021-22 ते 2025-26 या वर्षांत पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. 40 टक्के अबंधित. 'नाली बांधकाम' दिसलं, की गावात फोन करून विचारा, नाली आहे का.

आणि गावाला द्यायची देणगी. स्वागत कमान नको, कृपा करा. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट असलेल्या भागातल्या गावाला पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट द्यायचा असेल तर यंत्राच्या किमतीइतकाच विचार मेंब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलण्याचा, वीजबिलाचा आणि बाहेर पडणाऱ्या खारट पाण्याचा करा. ते पाणी नालीत सोडलं तर शेजारच्याच्या वावरात जाईल आणि भांडण उभं राहील. कॅन किती रुपयांना, पैसे कोण गोळा करणार, बिघडलं तर मिस्त्री कोण बोलावणार, हे ठरावात आलं पाहिजे, सूचक-अनुमोदकांच्या नावासकट. उद्घाटनाच्या फलकापेक्षा त्या ठरावाची प्रत मागा. आणि विषय अजेंड्यावर आधी छापून आलेला असू द्या. ऐनवेळच्या विषयांत तुमचं दान घुसवू नका.