वाचनालयाचा डेटाबेस तळमजल्यावरून हलवताना

(दृश्य: खाडीकाठची बाजारपेठ, सकाळची वेळ. दुकानांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेघा.)

निवेदन:

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजले बुडाले. २६ जुलै २००५ लाही हेच झालं होतं. १८६४ साली सुरू झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या दोन्ही पुरांत सापडलं. मधे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर धडकलं. रायगडात आणि दापोली, मंडणगडाकडे घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कितीतरी गावं दिवसच्या दिवस विजेविना राहिली.

पुस्तक भिजलं की ते दिसतं. ग्रंथपाल ते उचलतात, पानं सुटी करतात, वाचेल ते वाचवतात. पण कुठली पुस्तकं होती, त्यांचे दाखल क्रमांक काय, कोणतं पुस्तक कोणत्या सभासदाच्या घरी आहे, कोणाची किती अनामत जमा आहे, हे सगळं ज्या संगणकात असतं तो बहुतेक ठिकाणी देवघेवीच्या टेबलाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवलेला असतो. पाणी सगळ्यात आधी तिथं पोहोचतं.

कोकणाला ग्रंथालयांची जुनी परंपरा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. अशा संस्थांच्या याद्या पिढ्यान्‌पिढ्या हातानं लिहिल्या गेल्या. त्या आता संगणकात जात आहेत, आणि एकदा गेल्या की दाखल नोंदवही पुढे चालू ठेवायचा कंटाळा येतो. म्हणून यादी नेमकी कोणत्या यंत्रात राहते हा प्रश्न ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपुढे यायलाच हवा. तो केवळ संगणकवाल्या मुलावर सोडून देण्यासारखा नाही.

(दृश्य: वाचनालयाचा काउंटर. पडद्यावर कोहाचं देवघेवीचं पान.)

हे कोहा. ग्रंथालयं चालवण्यासाठीची मुक्त संगणक प्रणाली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी ती तयार झाली आणि ३ जानेवारी २००० ला तिथं कामाला लागली. जुनी प्रणाली २००० सालात चालणार नव्हती म्हणून नवी बांधली, आणि ती सगळ्यांना मोफत दिली. आज भारतातल्याही अनेक ग्रंथालयांत ती आहे.

कोहाचे दोन भाग समजून घेतले की पुढचं सोपं जातं. एक भाग म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रम: पानं दाखवणारा, बारकोड वाचणारा, दंड मोजणारा. दुसरा भाग डेटाबेस, म्हणजे मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल. पुस्तकं, सभासद, देवघेव, वर्गणी यांचे तक्ते एकमेकांना जोडून तो सांभाळतो. कार्यक्रम नाहीसा झाला तर इंटरनेटवरून पुन्हा उतरवता येतो. डेटाबेस मात्र त्या एकाच ग्रंथालयाचा असतो, तो दुसरीकडून कुठूनही मिळत नाही. आणि कोहा साध्या पद्धतीनं बसवलं की हे दोन्ही भाग एकाच यंत्रात राहतात.

ते वेगळे करायचे. कार्यक्रम एका यंत्रावर, डेटाबेस दुसऱ्या.

पण दुसरं यंत्र कुठं ठेवायचं? इथं घाई करू नये. पहिला विचार हमखास असा येतो की कोहा वाचनालयातच राहू दे, फक्त डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये नेऊ. ऐकायला बरं वाटतं, पण तसं करू नये. कोहा एक पान दाखवण्यासाठी डेटाबेसला पुष्कळ प्रश्न विचारतं, एकामागून एक. समजा शंभर प्रश्न आहेत आणि कोकणातून मुंबईला जाऊन यायला दर फेरीला २० मिलिसेकंद लागतात. नुसत्या जाण्यायेण्यात २ सेकंद गेले. काउंटरवर रांग असताना प्रत्येक पुस्तकाला हे २ सेकंद भरावे लागतील. आणि पावसात फायबर तुटली तर कोहा चालू, डेटाबेस चालू, पण दोघांची गाठच नाही.

म्हणून दोन्ही यंत्रं एकमेकांच्या शेजारी असावीत, एकाच डेटा सेंटरमध्ये, आतल्या खाजगी जाळ्यानं जोडलेली. तिथं एका फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही. वाचनालयातून फक्त ब्राउझर उघडायचा. नेट गेलं की काउंटरवर कागदी वही काढायची आणि नेट आलं की नोंदी भरायच्या. ही अडचण खरी आहे, आणि ती कबूल करूनच हा निर्णय घ्यावा लागतो.

(दृश्य: ग्रंथपाल ताई आणि काम करणारा तरुण, टेबलापाशी.)

ताई विचारतात, “म्हणजे आपली यादी आता इथं नाहीच म्हणायची?”

“रोज रात्री तिची एक प्रत इथं येईल, ताई. वरच्या मजल्यावर ठेवू. पण चालती यादी तिकडे.”

“आणि ही दोन यंत्रं कशाला? एकातच ठेवा की.”

प्रश्न रास्त आहे. कोहाचं यंत्र जगाला उघडं असतं, वाचक घरबसल्या त्यावर पुस्तकं शोधतात. डेटाबेसच्या यंत्राला बाहेरचं दार ठेवायचंच नाही. शिवाय कोहाची नवी आवृत्ती आली की तिच्यासाठी नवं यंत्र उभं करून जुनं काढून टाकता येतं, आणि तेवढ्या वेळात सभासदांची यादी जागची हलत नाही.

(दृश्य: काळा पडदा, पांढरी अक्षरं. डेटाबेसच्या यंत्रावर काम सुरू.)

पहिलं काम डेटाबेसच्या बाजूला. डेबियन या लिनक्स प्रणालीवर मारियाडीबी बसवलं की ते फक्त स्वतःच्या यंत्रावरचंच ऐकतं, १२७.०.०.१ या पत्त्यावर. ते बदलून खाजगी जाळ्यातला पत्ता द्यायचा. मग फायरवॉलमध्ये, म्हणजे यंत्राच्या पहाऱ्यात, ३३०६ हे पोर्ट, म्हणजे डेटाबेसचं दार, उघडायचं, पण केवळ कोहाच्या यंत्रासाठी. सगळ्या जगासाठी उघडलेलं ३३०६ शोधणारे कार्यक्रम इंटरनेटवर अखंड फिरत असतात.

त्यानंतर वापरकर्ता. मारियाडीबीत वापरकर्त्याची ओळख नुसत्या नावानं होत नाही. नाव आणि तो कुठून येतो तो पत्ता, दोन्ही मिळून होते. त्याच नावाचा माणूस दुसऱ्या पत्त्यावरून आला तर तो परका. कोहाच्या वापरकर्त्याला कोहाच्या एका डेटाबेसवरचे हक्क द्यायचे, बाकी कशावरही नाही.

आणि अक्षरं. इथं मराठी ग्रंथालयानं डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. जुनी लॅटिन लिपीची मांडणी राहिली तर देवनागरी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ साठते, आणि एकदा तशी साठलेली अक्षरं परत येत नाहीत. मायएसक्यूएलच्या ‘यूटीएफ८’ या अक्षरं साठवण्याच्या जुन्या पद्धतीत एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. आपल्या रोजच्या देवनागरीला तेवढे पुरतात. पण कोकणातल्या संग्रहांत मोडी कागद आहेत. मोडी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या संगणकी यादीत, २०१४ साली आली, आणि तिच्या प्रत्येक अक्षराला ४ बाइट लागतात. एखाद्या मोडी बखरीचं शीर्षक मोडीतच नोंदवायचं झालं तर ‘यूटीएफ८एमबी४’ हवंच. डेटाबेस तयार करतानाच ते लिहून टाकावं.

कोहाच्या बाजूला एकच फाइल महत्त्वाची, ‘कोहा-कॉन्फ’. त्यात डेटाबेसचं नाव, यंत्राचा पत्ता, पोर्ट, वापरकर्ता आणि पासवर्ड. ग्रंथालय नव्यानं सुरू होत असेल तर कोहाचा ‘कोहा-क्रिएट’ हा आदेश काम दोन टप्प्यांत करू देतो: आधी डेटाबेसवाल्याकडे काय मागायचं ते एका फाइलमध्ये लिहून देतो, आणि डेटाबेस तयार झाला की उरलेली मांडणी पुरी करतो. इथं जुनी यादी हलवायची असल्यानं आपण फाइल हातानंच बदलतो आहोत.

पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ राहून गेलं तर गाडी बाहेर पडतच नाही. मायएसक्यूएलच्या जगात त्या शब्दाचा अर्थ ‘याच यंत्रावरच्या सॉकेटमधून बोल’ असा घेतला जातो. पोर्ट बदलून काही होत नाही. आणि पासवर्डात ‘&’ किंवा ‘<’ असेल तर ही फाइल एक्सएमएल या खुणांच्या भाषेत असल्यानं, आणि त्या भाषेत या चिन्हांना वेगळा अर्थ असल्यानं, तिथंच मोडते. लांबलचक पासवर्ड घ्या, पण अक्षरं आणि आकडे यांचाच. तो फाइलमध्ये उघडा लिहिलेला असतो, त्यामुळे ती फाइल रूट (यंत्राचा मुख्य वापरकर्ता) आणि कोहा यांच्याशिवाय कुणाला वाचता येता कामा नये. दोन यंत्रांमधल्या बोलण्यावर टीएलएसचं, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपाचं, आवरणही याच फाइलमधून चढवता येतं.

कोहा सुरू करण्याआधी, कोहाच्याच यंत्रावरून, त्याच नावानं आणि पासवर्डानं डेटाबेसशी हातानं जोडून पाहावं. मग चूक कुठली ते लगेच कळतं. उत्तरच येत नसेल तर फायरवॉल किंवा ऐकण्याचा पत्ता तपासायचा. चूक सांगताना ११३० आकडा आला तर डेटाबेसपर्यंत आपण पोहोचलो, पण या पत्त्यावरून येणाऱ्याला परवानगी नाही. १०४५ आला तर वापरकर्ता, त्याचा पत्ता आणि पासवर्ड यांची जुळणी चुकली. हे तीन प्रकार ओळखता आले तर अर्धी रात्र वाचते.

(दृश्य: वाचनालय बंद. दारावर सूचना: ‘आज देवघेव बंद राहील.’)

यादी हलवण्याचा दिवस साप्ताहिक सुट्टीचा घ्यावा. कोहा थांबवायचं, जुन्या डेटाबेसची पूर्ण प्रत काढायची, नव्यात भरायची. मग पुस्तकं, सभासद आणि बाहेर गेलेल्या प्रती यांचे आकडे दोन्हीकडे मोजायचे आणि जुळवायचे. ताईंनी दाखल नोंदवहीतले काही क्रमांक कागदावर लिहून आणले आहेत. ती पुस्तकं त्या स्वतः उघडून बघतात. ळ, ऱ्या, ॲ ही अक्षरं नीट आहेत का, तेही.

मेमकॅश्ड (कोहासाठी माहिती तात्पुरती लक्षात ठेवणारा भाग) आणि कोहा नव्यानं सुरू केल्यावर पुस्तकाची नोंद उघडते, पण शोध घेतला की जुनेच निकाल येतात किंवा काहीच येत नाही, असं होऊ शकतं. कारण शोधाची सूची डेटाबेसमध्ये नसते. ती झेब्रा नावाचा वेगळा भाग कोहाच्या यंत्रावर ठेवतो. ती पुन्हा बांधावी लागते, आणि मोठ्या संग्रहाला वेळ लागतो. ज्यांना हे ठाऊक नसतं ते घाबरून सगळं काम उलटं फिरवतात.

वेळेचंही पाहावं लागतं. डेटा सेंटरमधली यंत्रं बहुधा जागतिक वेळेवर असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी नऊला दिलेलं पुस्तक पहाटे साडेतीनला दिल्याची नोंद पडेल. कोहाच्या फाइलमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहायचं, आणि डेटाबेसमध्ये कालविभागांचे तक्ते भरलेले आहेत याची खात्री करायची. ते रिकामे असले तर डेटाबेसला ते नावच ओळखू येत नाही.

डेटाबेसला एकाच वेळी होऊ शकणाऱ्या जोडण्यांची मर्यादा सहसा १५१ असते. एका तालुका वाचनालयाला ती पुरून उरते. जिल्ह्यातल्या अनेक वाचनालयांनी मिळून एकच डेटाबेस यंत्र घेतलं, तर तेव्हा ती वाढवावी.

जुना डेटाबेस लगेच पुसायचा नाही, पण तो उघडाही ठेवायचा नाही. त्याच्या वापरकर्त्याचे लिहिण्याचे हक्क काढून घ्यायचे. चुकून एखादा संगणक जुन्या पत्त्यावर राहिला आणि आठवडाभर तिथंच देवघेव नोंदवत बसला, तर दोन याद्या होतात, आणि त्या परत एक करणं हे काम कुणावर येऊ नये.

(दृश्य: वरच्या मजल्यावरचं कपाट. आत छोटा संगणक आणि बॅटरी.)

डेटाबेस दूर नेला म्हणजे बॅकअप झाला असं नाही. चुकून पुसलेला सभासद दूरच्या यंत्रातूनही तितक्याच वेगानं पुसला जातो. म्हणून रोज रात्री तिथली प्रत निघते, कुलूपबंद होऊन इथं उतरते, आणि जुन्या प्रतीही काही काळ राहतात. मे महिन्यात, पावसाळ्याआधी, त्यातली एक प्रत या छोट्या संगणकावर उलगडायची, इंटरनेटची वायर काढायची, आणि ताईंनी काउंटरवर बसून एका सभासदाला एक पुस्तक देऊन परत घ्यायचं. ते जमलं की तारीख आणि सही दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानावर करायची. यंदाची सही झाली आहे. पुढच्या मे महिन्यासाठी खाली रकाना आखलेला आहे.