दहावीचा इतिहास: गुण जातात कुठे?

दहावीचं इतिहासाचं पुस्तक उघडलं की मुलं आधी बुचकळ्यात पडतात. लढाया नाहीत, तह नाहीत, सनावळ्याही बेताच्याच. बालभारतीच्या 2018 सालच्या या पुस्तकात पहिले दोन पाठ इतिहासलेखनाचे. पुढे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन. काय घडलं, ते नववीपर्यंत शिकून झालं. इथे प्रश्न आहे तो इतिहास लिहितात कसा, आणि तो कामी कुठे येतो.

(दृश्य: प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान)

पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. इतिहास 28, राज्यशास्त्र 12. चुकीची जोडी ओळखायला तीन गुण, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 'डिस्कोर्स ऑन द मेथड' हा ग्रंथ रेने देकार्तचा. तो कार्ल मार्क्ससमोर छापलेला असला, तरी नुसती नावं घोकलेल्या मुलाला त्यात काही खटकत नाही. नावाला तपशील जोडला की ते डोक्यात बसतं. 1817 मध्ये भारताचा इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स मिल भारतात कधी आलाच नव्हता. ग्रँट डफ साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता. मराठ्यांवरचा त्याचा ग्रंथ 1826 चा. एकाने लांबून लिहिलं, दुसऱ्याने इथे राहून. तरी भारतीय संस्कृतीकडे पाहण्याचा दोघांचाही दृष्टिकोन वसाहतवादीच ठरतो. का, हे एकदा समजलं की जोडी चुकत नाही.

(दृश्य: उत्तरपत्रिका, एक उत्तर जवळून)

खरी गळती 'सकारण स्पष्ट करा' या प्रश्नात. विधान विचारवंत मिशेल फुकोबद्दलचं: फुकोच्या लेखनपद्धतीला 'ज्ञानाचे पुरातत्त्व' म्हटले आहे. मुलगा लिहितो: फुको फ्रेंच होता, त्याने मनोविकार, वैद्यकशास्त्र, तुरुंगव्यवस्था यांवर लिहिलं. सगळं खरं, पण विचारलेलं त्यात कुठेच नाही. हवं ते एवढंच: घटनांची कालक्रमानुसार मांडणी फुकोला अयोग्य वाटत होती, पुरातत्त्वाचा हेतू अंतिम सत्य गाठणं हा नसून भूतकाळातल्या स्थित्यंतरांचं स्पष्टीकरण देणं हा असतो, फुकोचा भरही त्यावरच होता, म्हणून हे नाव. दोन गुणांना तीन वाक्यं पुरतात. उत्तर लिहून झाल्यावर विधानामागे 'का?' लावून पाहावं. उत्तरात 'म्हणून' कुठेच बसत नसेल, तर ती टीप झाली.

टिपेचं उलटं असतं. तिथे माहितीच हवी. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्यावर लिहिताना 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड, त्यांच्या अभ्यासपूर्ण प्रस्तावना, आणि 1910 मध्ये पुण्यात निघालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ हे तीन मुद्दे आले की झालं. थोरवी गायला स्वतंत्र गुण नाहीत.

वेळेचा हिशोब सोपा आहे. इतिहासाला 80 मिनिटं, राज्यशास्त्राला 35, उरलेली 5 नजर फिरवायला. राज्यशास्त्रातही विधान चूक की बरोबर ते सकारण सांगायचं असतं, आणि घाईत नुसतं 'बरोबर' लिहून पुढे जाणारी मुलं दरवर्षी सापडतात.