सहा दिवस सोळा तासांत निम्मं

नमस्कार श्रोतेहो. ल्युटेशियम-177 या किरणोत्सारी धातूच्या कुपीवर नुसतं '200 मिलिक्युरी', म्हणजे किरणोत्साराचं माप, लिहून भागत नाही, शेजारी तारीख आणि तास लागतो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरवरच्या, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठींवरच्या, या औषधाचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) 6.65 दिवस, म्हणजे रोज सुमारे 10 टक्के घट. मुंबईत 200 असलेली मात्रा दुसऱ्या दिवशी इंदुरात 180 उरते. विमान चुकलं आणि आणखी एक दिवस गेला, की 162. म्हणून हिशेब टोचण्याच्या वेळेपासून मागे करायचा: परवा 200 हवे असतील, तर आज सुमारे 246 भरायला सांगायचे.

ल्युटेशियम हा दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. निसर्गात तो 97.4 टक्के 175 वस्तुमानाचा, उरलेला 176 चा. हा 176 न्यूट्रॉन चटकन गिळतो आणि 177 होतो. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वेगानं फिरवणारी यंत्रं) आहेत खरे, पण या कामाला अणुभट्टीच लागते, ट्रॉम्बेच्या 'ध्रुव'सारखी. सोबत थोडा '177 एम', म्हणजे त्याच 177 चं जास्त ऊर्जेचं रूपही तयार होतं. त्याचं अर्धायुष्य 160 दिवस. रुग्णालयाच्या कचऱ्याची डोकेदुखी तोच.

खरी भानगड मात्र कुपीत होते. औषधाच्या पेप्टाइडला, म्हणजे ट्यूमरला जाऊन चिकटणाऱ्या छोट्या प्रथिनसाखळीला, डोटा नावाचा पिंजरा जोडलेला असतो आणि एका पिंजऱ्यात एकच धातू मावतो. आम्लात लोखंडाचा किंवा जस्ताचा अंश असला, की तो जागा बळकावतो. भट्टीत न बदललेलं ल्युटेशियमही तेच करतं. म्हणून आम्ल अतिशुद्ध, सामू 4 ते 5 च्या दरम्यान आणि सुमारे 90 अंशांवर अर्धा तास. जेंटिसिक आम्लही घालावं लागतं, नाहीतर बीटा किरण आपल्याच पेप्टाइडचे तुकडे करतात. शेवटी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे किती ल्युटेशियम पिंजऱ्याबाहेर सुटं राहिलं याची तपासणी. ती टाळायची नाहीच, कारण सुटं राहिलेलं ल्युटेशियम हाडांत जाऊन बसतं.

नेहमीचा क्रम 200 मिलिक्युरीचे चार डोस, आठ-आठ आठवड्यांनी. मूत्रपिंडं सांभाळायला लायसीन आणि आर्जिनीनचं सलाईन डोसच्या अर्धा तास आधी सुरू करतात, ते चारेक तास चालतं.

घरी आल्यावर पाणी भरपूर प्यायचं, लघवी पुरुषांनीही बसून करायची, फ्लश दोनदा. बीटा किरण शरीरात फार तर 2 मिलिमीटर जातात; बाहेर येतात ते गॅमा. त्यांच्यामुळेच नंतर स्कॅन काढता येतो, आणि त्यांच्यामुळेच नातवाला मांडीवर घ्यायचं थांबवायचं, डॉक्टर सांगतील तितके दिवस.