फाईल बंद व्हायच्या आधी

कोविडच्या साथीच्या काळात रोज संध्याकाळी एक आकडा यायचा, आज इतके पॉझिटिव्ह, आज इतके गेले, आणि आपण त्याच्यावर उद्याचं ठरवायचो. पण तो आकडा कोणाचा होता हो? जो दवाखान्यापर्यंत पोचला, ज्याची टेस्ट झाली, त्याचा. जो घरीच रात्रीत गेला तो त्यात नव्हताच. पण नोंद त्याचीही होते बरं का. अचानक किंवा कारण न कळता कोणी गेलं की तपास होतो, काही देशांत कोरोनर म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी करतो, कुठे मेडिकल एक्झामिनर म्हणजे हेच काम करणारा डॉक्टर, कुठे पोलीस आणि सरकारी डॉक्टर मिळून, आणि एक फाईल तयार होते. मला आज त्या फायलीबद्दलच बोलायचंय.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातली सांता क्लारा काउंटी, म्हणजे तिथला एक जिल्हा, घ्या. अमेरिकेतला पहिला कोविड मृत्यू 2020 च्या फेब्रुवारीच्या शेवटी झाला असं सगळे धरून चालले होते. आणि 21 एप्रिलला या काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरनी जाहीर केलं की 6 फेब्रुवारीला घरी गेलेल्या एका व्यक्तीच्या शरीरातून काढून जपून ठेवलेल्या ऊतींच्या नमुन्यात विषाणू सापडलाय. तेव्हा टेस्ट मुख्यतः बाहेरदेशी जाऊन आलेल्यांच्याच व्हायच्या, त्यामुळे जिवंतपणी तपासायचा प्रश्नच नव्हता. साथीचं अख्खं कॅलेंडर जवळजवळ तीन आठवडे मागे सरकलं, तेही एका मेलेल्या माणसामुळे.

झांबियातल्या लुसाकाची गोष्ट तर अजून बोचरी आहे. 2020 च्या जून ते सप्टेंबरमध्ये तिथल्या शवागारात 364 मृतांच्या नाकातले नमुने तपासले, 70 जणांत विषाणू मिळाला. त्यातले 51 जण दवाखान्याबाहेर गेलेले, आणि त्या 51 मधल्या एकाचीही आधी टेस्ट झालेली नव्हती. लोक म्हणत होते आफ्रिकेत कोविड फारसा नाहीच! शोधलाच नाही तर दिसणार कुठून.

आणि नुसती मोजणीच होते असं नाही, आजार कसा मारतो तेही इथेच कळतं. हॅम्बुर्गमध्ये पहिल्या 12 जणांचं पोस्टमॉर्टेम केलं, तर 7 जणांच्या पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी, ज्यांचा जिवंतपणी कोणाला संशयही आला नव्हता, आणि 4 जण तर गाठ फुफ्फुसात जाऊन अडकल्यानेच गेलेले.

आता खरी मेख. फाईल पूर्ण व्हायला वेळ लागतो, विषबाधेची तपासणी बाकी असते, कारणाच्या रकान्यात कितीतरी आठवडे 'प्रलंबित' लिहिलेलं असतं, आणि आरोग्य खातं त्या शेवटच्या कारणाची वाट बघत बसतं. मी म्हणतो कशाला थांबता? पहिल्याच दिवशी तपासनीसाने घरच्यांना विचारून लिहिलेलं असतं, चार दिवस ताप होता, खोकला होता, डॉक्टरकडे गेले नाहीत. साथीचा वास यायला एवढं पुरे आहे की! न्यू मेक्सिकोत 1993 मध्ये एक धडधाकट तरुण श्वास कोंडून गेला, तपास करणाऱ्याला खटकलं, त्याने चौकशी केली तर असेच आणखी तरुण मृत्यू निघाले, आणि काही आठवड्यांत एक नवा हंताव्हायरस, म्हणजे उंदरांकडून माणसाला होणारा विषाणू, हाती लागला. अंतिम अहवालाची वाट बघत बसले असते तर?

अर्थात या फायलींना डोळे झाकून मानू नका. कुठला मृत्यू तपासाला जाणार हे नियमावर ठरतं, आणि साथीत नियमच बदलतात, शवागारं भरली की पोस्टमॉर्टेम कमी होतात, मग आकडा खाली येतो आणि आपण उगाच खूश. शिवाय लॉकडाऊनमध्ये भीतीपोटी दवाखान्यात न गेलेला हार्ट अटॅकवाला पण याच ढिगात येतो. मागच्या चार-पाच वर्षांच्या त्याच आठवड्यांशी ताडून बघितल्याशिवाय काही बोलू नये. आणि तापाची चौकशी तपासनीसाच्या मर्जीवर सोडू नका हो, कोणी लिहितो कोणी नाही, फॉर्ममध्ये सरळ रकानाच टाका: शेवटच्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, श्वास लागणं, हो का नाही.