छातीवरचा तिरंगा: कुठे, केवढा आणि कसा

(दृश्य: रेल्वे स्टेशनाबाहेर फेरीवाल्याने मांडलेले बिल्ले, रबरी पट्टे, टोप्या, दुपट्टे)

ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की असे ढीग जागोजागी दिसायला लागतात. मुलांना शाळेत झेंडावंदनाला जायचं असतं, ऑफिसात सगळ्यांना बिल्ले वाटायचे असतात, सोसायटीत फेटे बांधायचे असतात. माल पटापट खपतो. यातलं बरंचसं सामान कायद्याच्या भाषेत ध्वजाचा अवमान ठरू शकतं, हे मात्र विकणाऱ्याच्याही गावी नसतं आणि घेणाऱ्याच्याही.

कायदा आहे राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. पोशाखाचा मुद्दा त्यात २००३ च्या दुरुस्तीने आला आणि तेव्हा मनाई सरसकट होती. २००५ मध्ये ती सैल झाली. कंबरेखाली घातल्या जाणाऱ्या कोणत्याही कपड्यावर, गणवेशावर किंवा वस्तूवर तिरंगा चालत नाही. कंबरेच्या वर चालतो.

बहुतेकांना नियम इथपर्यंतच माहीत असतो. त्याच कलमाचा दुसरा भाग कुणी वाचत नाही. उशा, हातरुमाल, नॅपकिन, अंतर्वस्त्रं आणि कुठलंही ड्रेस मटेरियल यांच्यावर ध्वज छापायला किंवा भरतकामाने काढायला मनाई आहे. इथे कंबरेच्या वर आणि खाली हा भेदच नाही. म्हणजे कापडाच्या ताग्यावर तिरंगे छापून त्याचे कुर्ते शिवले, तर तिरंगा छातीवर येतो म्हणून सुटका होत नाही.

(दृश्य: छापील तिरंग्याचं कापड, कॅमेरा चक्रावर स्थिरावतो)

'हे नुसतं चित्र आहे, खरा ध्वज कुठे आहे?' हा बचावही टिकत नाही. कायद्यातल्या व्याख्येनुसार ध्वजाचं चित्र, रेखाटन, छायाचित्र, त्याच्या भागाचं दृश्य रूपसुद्धा ध्वजच. नुसते तीन रंग ही मात्र वेगळी गोष्ट. केशरी, पांढरा, हिरवा असा फेटा किंवा दुपट्टा हा ध्वज नव्हे, तो रंगांचा मेळ आहे. त्याच्या मधोमध निळं चक्र काढलं की तो ध्वजाकडे झुकतो. हौस भागवायची तर चक्र गाळा, रंग मनसोक्त वापरा.

ध्वजच लावायचा असेल, तर वेगळा बनवलेला धातूचा बिल्ला किंवा वेगळा विणून घेतलेला छोटा पॅच हा आमच्या मते सर्वांत निर्धोक पर्याय. डावीकडे की उजवीकडे, हे भारतीय ध्वजसंहितेत, म्हणजे ध्वजाच्या वापराच्या सरकारी नियमावलीत, सांगितलेलं नाही. डावी छाती, हृदयाची बाजू, ही रूढी आहे आणि ती चांगली आहे. शर्टाला खिसा असेल तर खिशाच्या शिवणीच्या बोटभर वर लावा. खिशावर लावला तर पेन काढता-घालताना बिल्ला सतत वाकतो.

पॅच बनवून घेताना माप आधी ठरवा. लांबी आणि उंचीचं प्रमाण ३:२. उंची तीनने भाग जाईल अशी घेतली की तिन्ही पट्टे समान येतात. ७२ मिलिमीटर लांब आणि ४८ मिलिमीटर उंच घेतला, तर प्रत्येक पट्टा बरोबर १६ मिलिमीटरचा. चक्रासाठी टेबलावरच्या ध्वजाचा आधार घ्या: १५० बाय १०० मिलिमीटरच्या त्या ध्वजावर चक्राचा व्यास २५ मिलिमीटर असतो, म्हणजे पट्ट्याच्या पाऊण. आपल्या पॅचवर तो १२ मिलिमीटर येईल.

(दृश्य: भिंगाखाली दोन पॅच. एकात निळा ठिपका, दुसऱ्यात आरे स्पष्ट)

काम बिघडतं ते इथे. १२ मिलिमीटरच्या वर्तुळात २४ आरे बसवायचे, तर कडेला दोन आऱ्यांमध्ये जेमतेम दीड मिलिमीटर अंतर मिळतं, आणि मध्याकडे ते आणखी घटत जातं. एम्ब्रॉयडरी मशीनचा टाका तिथे एकमेकांवर चढतो आणि चक्राचा निळा गोळा होतो. मग कारागीर आरे कमी करतो; आठ, बारा, सोळा, जेवढे बसतील तेवढे. शर्टाच्या कॉलरमागे असतं तसं बारीक धाग्याचं विणलेलं लेबल करून घेतलं तर आरे सुटे राहतात. नमुना हातात आला की पहिल्यांदा आरे मोजा, मगच शंभराची ऑर्डर द्या. निळा रंग गडद हवा, आकाशी नको. आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने हिरवा पट्टा घासून बघा. फडक्याला रंग लागला, तर पहिल्याच धुण्यात पांढरा पट्टा पोपटी होणार.

बिल्ल्याचं दुखणं वेगळं. मागे एकच टाचणी असेल तर तो फिरतो, आणि दुपारपर्यंत केशरी खाली येतो. मुद्दाम उलटा लावलेला तिरंगा हा कायद्यातल्या अवमानाच्या यादीत आहे. दोन टाचण्यांचा बिल्ला घ्या. कुर्ता पातळ असेल तर आतून कॅनव्हासचा रुपयाएवढा तुकडा लावून टाचा, म्हणजे बिल्ला पुढे झुकणार नाही. तिरंगा उभा लावायचा असेल, तर समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आला पाहिजे.

रबरी मनगटी पट्ट्याबद्दल आमचं मत प्रतिकूल आहे. हात खाली सोडला की मनगट कंबरेखाली जातं, शिवाय बहुतेक पट्ट्यांवर 'आय लव्ह इंडिया' छापलेलं असतं. ध्वजावर कोणतंही अक्षर लिहिणं हाही अवमानच. क्रिकेटच्या मैदानात पांढऱ्या पट्ट्यावर गावाचं नाव लिहून फडकवलेले तिरंगे दिसतात, तेही याच यादीत. पाठीवरच्या सॅकलाही तिरंगा नको; सॅक लोकलमध्ये पायाशी ठेवली जाते.

विजयानंतर ध्वज शालीसारखा खांद्यावर घेणं? सरकारी इतमामातली आणि सशस्त्र किंवा निमलष्करी दलांची अंत्ययात्रा सोडून ध्वज कशावरही पांघरायला मनाई आहे. खेळाडू तसं करतात, लोक टाळ्या वाजवतात. तरी कायद्याचा शब्द त्यांच्या बाजूने नाही. दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला तर प्रश्नच येत नाही.

परदेशात दोन देशांचे ध्वज एकाच पिनवर लावतात. काठ्या एकमेकींवर असतील तर भारताचा ध्वज त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, आणि त्याची काठी पुढे.

(दृश्य: संध्याकाळचं शाळेचं पटांगण, बाकावर पुठ्ठ्याचा खोका)

कार्यक्रम संपला की फाटकाशी एक खोका ठेवा आणि बिल्ले, कागदी झेंडे त्यात घ्या. कागदी झेंडा जमिनीवर टाकायचा नाही. खराब झालेला ध्वज लोकांसमोर नव्हे, खाजगीत, अख्खा नष्ट करायचा. ध्वजसंहिता जाळण्याला पसंती देते. प्लास्टिकचे झेंडे मुळात घेऊच नका: ते कुजत नाहीत आणि जाळले तर विषारी धूर होतो. धातूचा बिल्ला दरवर्षी वापरता येतो, पण त्यावरचा रंगीत मुलामा उडून चक्र अर्धवट दिसायला लागलं की तो लावणं बंद करा.