साबणाची परीक्षा: मोजायचे काय आणि केव्हा

मंडळी, ऐन पावसाळ्यात फोंड्याच्या सभागृहात त्वचेच्या कोरडेपणावर बोलणे अनेकांना अकाली वाटेल. परंतु दिवसभर भांडी घासणाऱ्या हातांना ऋतूची सवलत नसते, आणि हवेतील दमटपणा हाच माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

म्हापशाच्या एका प्रदर्शनात पाहिलेला प्रकार मला आजही अस्वस्थ करतो. विक्रेता ग्राहकाचे मनगट आपल्या साबणाने धुवी, टिपून लगेच त्यावर छोटे यंत्र टेकवी आणि वाढलेला आकडा दाखवून ‘ओलावा वाढला’ असे सांगे. एक वयस्क बाई भेगाळलेले हात पुढे करून तो आकडा मोठ्या विश्वासाने पाहत होत्या. असे यंत्र त्वचेची विद्युत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजते. ही क्षमता वाढवण्याचा पदार्थाचा गुण दाखवणारा आकडा म्हणजे परावैद्युत स्थिरांक; पाण्याचा तो सुमारे ८० असतो आणि त्वचेतील इतर घटकांचा त्याहून फारच कमी, म्हणून पाणी वाढले की आकडा चढतो. पण नुकत्याच धुतलेल्या त्वचेचा वरचा थर पाणी शोषून फुगलेला असतो. ते पाणी थोड्याच वेळात उडून जाते, आणि साबण तीव्र असेल तर त्यासोबत ओलावा धरून ठेवणारी नैसर्गिक द्रव्ये व स्निग्धांशही गेलेले असतात, त्यामुळे काही तासांनी आकडा पहिल्यापेक्षाही खाली येतो. त्या बाईंना तो दुसरा आकडा कोणीच दाखवला नाही, याचा मला खरोखर राग आहे.

म्हणूनच शिस्तीच्या चाचणीत माणसाला सुमारे २० ते २२ अंश तापमानाच्या आणि ४० ते ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत निदान २० मिनिटे बसवतात, आणि मगच हाताच्या आतल्या बाजूवर मोजणी करतात. आपल्याकडे आंघोळीनंतर खोबरेल लावण्याची पद्धत आहे. ती मला प्रिय आहे, मात्र चाचणीच्या दिवशी ती पाळता येत नाही, कारण तेलाचा थर बाष्प अडवतो.

अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली आहे, तेव्हा दाहाविषयी जे सांगायचे ठरवले होते ते थोडक्यात मांडतो. त्वचेतून नकळत उडून जाणारे पाणी दर तासाला दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम, असे मोजतात. त्वचेचे आवरण दुखावले की हा आकडा वाढतो, आणि पुष्कळदा लाली डोळ्यांना दिसण्याआधीच वाढतो. फ्रॉश आणि क्लिगमन या त्वचातज्ज्ञांनी १९७९ साली मांडलेल्या पद्धतीत साबणाचे ८ टक्के द्रावण छोट्या कुप्यांतून हातावर पहिल्या दिवशी २४ तास आणि पुढचे चार दिवस रोज ६ तास ठेवून लाली, पापुद्रे आणि भेगा तपासल्या जात. ही परीक्षा कठोर आहे, परंतु नेहमीच्या वापरात सारखे वाटणारे साबण तिच्यात वेगळे पडतात. साध्या साबणाचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीपणा दाखवणारा पीएच, ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, हे त्यामागचे एक कारण. मात्र केवळ सामू उतरवून साबण सौम्य होत नाही, कारण त्यातील फेस करणारे द्रव्य कोणते हेही तितकेच महत्त्वाचे असते.

शेवटचा मुद्दा तुलनेचा. त्याच हातावर, त्याच दिवशी, काहीही न लावलेला एक पट्टा राखून त्याचेही आकडे नोंदवलेले नसतील, तर आपल्याकडे जुलैत घेतलेल्या चाचणीत साबणाचा परिणाम कोणता आणि पावसाळी हवेचा कोणता, हे वेगळे काढता येत नाही.