पोटामागचा अवयव, पोटाबाहेरच्या खुणा

परळ, भायखळा, शीव, मुंबई सेंट्रल. या भागांतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत पोटदुखीचे रुग्ण रात्रंदिवस येत असतात. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन थेट पाठीत जाणारी, पुढे वाकून बसल्यावर थोडी सुसह्य होणारी कळ असेल आणि रक्तातील लायपेज (चरबी पचवणारे स्वादुपिंडाचे विकर) सामान्य मर्यादेच्या ३ पट किंवा अधिक वाढलेले असेल, तर निदान बहुधा तीव्र स्वादुपिंडदाहाचे, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक येणाऱ्या सुजेचे, होते. पित्ताशयातील खडे आणि मद्यपान ही त्याची दोन प्रमुख कारणे. बहुतेक रुग्ण सलाईन, वेदनाशामके आणि योग्य आहार यांवर आठवड्याभरात सावरतात; पण काहींच्या बाबतीत हा आजार अशा ठिकाणी डोके वर काढतो, की पोटाचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

असे का होते, हे स्वादुपिंडाच्या शेजाऱ्यांकडे पाहिले की उमगते. जठराच्या मागे, कण्यासमोर आडव्या पसरलेल्या या ग्रंथीच्या वरच्या कडेने प्लीहेची धमनी जाते, मागून प्लीहेची शीर जाते, आणि वरच्या बाजूला, फारशा अंतरावर नाही, छाती व पोट वेगळे करणारा पडदा असतो. या आजारात ही ग्रंथी स्वतःच्याच पाचकरसांनी पचली जाते, ही कल्पना विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडली. ग्रंथीतून निसटलेल्या या रसांना शेजारचा कोणताही अवयव वर्ज्य नसतो.

स्वादुपिंडाची नलिका फुटली, तर तिच्यातील रस कधी कधी पडद्यातील नैसर्गिक वाटेने वर चढून फुप्फुसाभोवती साचतो. असा रुग्ण दम लागतो म्हणून येतो; पोट दुखत असल्याचे तो सांगतच नाही. मुंबईत छातीत पाणी झाले की पहिला संशय क्षयाचा येतो आणि या शहरातील क्षयाचे प्रमाण पाहता तो रास्तच आहे. मात्र पाणी काढूनही पुन्हा पुन्हा भरत असेल, तर त्या पाण्यातील अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचे पिष्ट पचवणारे विकर, तपासायला हवे. ते हजारोंच्या घरात गेले, तर उगम छातीत नाही, हे जवळपास निश्चित होते. पुढे एमआरसीपीत (पित्तनलिका व स्वादुपिंडनलिका दाखवणाऱ्या एमआरआय तपासणीत) गळतीची वाट शोधून, दुर्बिणीद्वारे नलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवता येतो.

लायपेज रक्तातून दूरवरही पोहोचते. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येतात, घोटे आणि गुडघे सुजतात आणि रुग्ण त्वचारोग किंवा अस्थिरोग विभागाच्या रांगेत उभा राहतो. क्वचित हे सारे पोटदुखीच्या आधीच घडते. काहींची दृष्टी अचानक अंधुक होते आणि नेत्रपटलावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. नेत्रतज्ज्ञ ओटमार पुर्टशर यांनी १९१० मध्ये डोक्याला मार लागलेल्या रुग्णात असेच चित्र नोंदवले होते.

सर्वांत फसवी गोष्ट मात्र रक्तस्रावाची आहे. प्लीहेच्या शिरेत गुठळी झाली, तर जठराच्या शिरा फुगतात आणि रक्ताची उलटी होऊ शकते. रुग्ण मद्यपान करणारा असेल, तर सारा दोष यकृताला दिला जातो, जरी यकृत पूर्ण निरोगी असले तरी. याहून घातक ठरते ती प्लीहेची धमनी. पाचकरसांनी कुरतडलेल्या तिच्या भिंतीवर फुगा तयार होतो आणि तो दाह ओसरल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही फुटू शकतो. म्हणूनच स्वादुपिंडाजवळ साचलेल्या द्रवाचा निचरा करण्यापूर्वी धमन्या स्पष्ट दाखवणारा सीटी स्कॅन पाहिला जातो. फुगा आढळला, तर रेडिओलॉजिस्ट बहुधा जांघेतील धमनीतून बारीक नळी वर नेऊन धातूच्या तारेच्या वेटोळ्यांनी तो आधी बंद करतात; निचऱ्याचे काम त्यानंतर हाती घेतले जाते.